रात्रीचे चार घास, सोबतीने

आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांनी काल रात्री नेमके काय खाल्ले, हे आपल्याला सांगता येईल का? साठी-सत्तरी ओलांडलेली व्यक्ती दवाखान्यात समोर बसली, की नाडी आणि रक्तदाब पाहून झाल्यावर मी हा प्रश्न हटकून विचारतो. बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते. "रात्री विशेष काही नाही, डॉक्टर. दूध-पोळी." किंवा "चहाबरोबर चार बिस्किटे." सोबत आलेला मुलगा किंवा सून तेव्हा चकित होऊन पाहते, कारण घरात स्वयंपाक झालेला असतो, ताटही वाढलेले असते, ते किती संपले, याकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले नसते.

'रात्री हलके खावे' हा आपल्याकडचा जुना आणि योग्य संकेत आहे. परंतु हलके खाणे आणि जवळजवळ उपाशी झोपणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर ज्यांच्या घरात नकळत पुसले गेले आहे, अशा ज्येष्ठांसाठी आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

भूक मंदावते, गरज मंदावत नाही

वय वाढते तशी भूक कमी होते, यात नवल नाही. नाकाची वास घेण्याची शक्ती क्षीण होते आणि चवीचा मोठा भाग वासावर अवलंबून असल्यामुळे अन्न बेचव वाटू लागते. लाळ कमी सुटते. दात पडलेले असतात, किंवा कवळी हिरड्यांना टोचत असते. जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते. बद्धकोष्ठतेने भूक आणखी मंदावते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनसारखी काही औषधे भूक कमी करतात किंवा तोंडाला धातूसारखी चव आणतात. या सर्वांवर कडी करणारे कारण म्हणजे उदासपणा. वृद्धांमधील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून प्रकट होत नाही, ते ताटात उरलेल्या अन्नातून प्रकट होते.

शरीराची प्रथिनांची गरज मात्र वयाबरोबर उतरत नाही. उलट, वाढत्या वयात स्नायू झपाट्याने झिजतात आणि ती झीज रोखण्यासाठी वृद्धांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आहारतज्ज्ञ सुचवतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या आजींना दिवसाकाठी ५५ ते ६६ ग्रॅम प्रथिने हवीत. (मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.) मांडीचे आणि पोटरीचे स्नायू झिजले, की खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, पुढे न्हाणीघरात तोल जातो, आणि एके दिवशी खुब्याचे हाड मोडते. त्या मोडलेल्या हाडाची सुरुवात अनेकदा वर्ष-दोन वर्षे आधी, रात्रीच्या न खाल्लेल्या घासांपासून झालेली असते.

म्हणून घरात एक साधा वजनकाटा ठेवावा आणि महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी व तशाच कपड्यांत, वजन करून ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. कोणताही प्रयत्न न करता सहा महिन्यांत ते एका वर्षात वजन ५ टक्क्यांहून अधिक उतरले, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे तीन किलोंहून अधिक घटले, तर 'वयामुळे असेल' असे म्हणून सोडून देऊ नये. क्षयरोग, थायरॉइडचे विकार, अनियंत्रित मधुमेह, कर्करोग, नैराश्य यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. किंवा कारण अगदी साधे, केवळ जेवणाचेही असू शकते. ते शोधावे लागते.

पथ्यांची बेरीज

ज्येष्ठांच्या ताटातून पदार्थ कसे नाहीसे होतात, हे पाहण्यासारखे आहे. मधुमेह निघाला, भात गेला. रक्तदाब वाढला, लोणचे-पापड गेले. कोलेस्टेरॉलचा अहवाल आला, तूप आणि अंडे गेले. आम्लपित्त झाले, डाळ आणि ताक गेले. पोट फुगते म्हणून उसळी गेल्या. नातेवाइकांपैकी कोणीतरी मोबाइलवर संदेश पाठवला, गहू गेला. यांपैकी प्रत्येक सूचना कोणीतरी काळजीपोटीच केलेली असते. परंतु त्यांची बेरीज कोणीच करत नाही, आणि अखेर ताटात उकडलेला दुधी तेवढा शिल्लक राहतो.

मूळच्या खानदेशातल्या, आता मुलाकडे शहरात राहणाऱ्या एका आजींचे उदाहरण सांगतो. सूनबाई मनापासून करणारी. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब म्हणून रोज रात्री भाज्यांचे सूप आणि पाण्यातले ओट्स. आजी तक्रार करत नव्हत्या. फक्त दोन चमचे घेऊन वाटी बाजूला सारत होत्या. वर्षभरात त्यांचे वजन पाच किलोंनी घटले. सर्व तपासण्या झाल्या, मोठा आजार निघाला नाही. "तुम्हाला काय खावेसे वाटते?" असे विचारल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे रात्री खिचडी असते." तूरडाळ-तांदळाची, शेंगदाणे घातलेली, वरून लसणीच्या फोडणीचे तेल घेतलेली खिचडी ही खानदेशातील कित्येक घरांची रात्रीची रीत आहे. आजींना त्यांची खिचडी परत मिळाली. डाळीचे प्रमाण वाढवले, तेल एका चमच्यावर आणले, पापड आठवड्यातून एकदाच ठेवला आणि मधुमेहाच्या गोळीची मात्रा पुन्हा तपासून घेतली. तीन महिन्यांत घटलेल्यातले दोन किलो भरून आले आणि साखरही हाताबाहेर गेली नाही.

यातून पथ्य सोडून द्यावे, असा अर्थ कृपया काढू नये. अर्थ इतकाच, की वर्षातून एकदा सर्व पथ्यांची यादी कागदावर मांडावी आणि डॉक्टरांसमोर ठेवून 'यांपैकी आज कोणते खरोखर आवश्यक आहे?' असे विचारावे. अतिशय वयस्क आणि अशक्त रुग्णांमध्ये साखरेचे लक्ष्य आम्ही डॉक्टरही थोडे सैल ठेवतो, कारण त्या वयात साखर फार खाली जाणे अधिक धोक्याचे असते. अंडे बहुतेकांना दररोज एक चालते. तुपाचा एक चमचा औषधासारखा मोजून घेतला, तर तो घास घशाखाली उतरवण्यास मदतच करतो. मिठाचे बंधन मात्र खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सर्व पदार्थ मिळून एका लहान चमच्याच्या आत असावे. चव आणण्याचे काम लिंबू, आमसूल, आले, जिरे, मिरे, लसूण आणि कोथिंबीर यांच्यावर सोपवावे. 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

रात्रीच्या ताटाचा हिशेब

एक पोळी आणि लहान कपभर दूध यांतून साधारण ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. चहा-बिस्किटांतून जेमतेम दोन. तेच ३० ग्रॅम मूगडाळ आणि तेवढेच तांदूळ यांची मऊ खिचडी व सोबत वाटीभर दही घेतले, तर १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जातात. एक अंडे सुमारे ६ ग्रॅमची भर घालते. फरक केवळ निवडीचा आहे; खर्चाचा किंवा कष्टाचा फारसा नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात आजाऱ्यासाठी, बाळंतिणीसाठी आणि थकल्याभागल्या माणसासाठी मऊ, उबदार अन्न करण्याची परंपरा फार समृद्ध आहे. कोकणातील उकड्या तांदळाची पेज, विदर्भातील ज्वारीच्या कण्या, पश्चिम महाराष्ट्रातील हुलग्याचे माडगे, मराठवाड्यातील आंबील, घरोघरचा मेतकूट-भात ही सर्व त्याचीच रूपे. अशा चार पदार्थांची मापे येथे देत आहे. वाटी म्हणजे आमटीची नेहमीची वाटी समजावी. पहिले तीन दोन माणसांच्या बेताचे आहेत.

*मूगडाळीची मऊ खिचडी.* अर्धी वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजवावी. दोन चमचे तुपात जिरे, हिंग, हळद, किसलेले आले आणि चार मिरे भरडून घालावेत. त्यावर वाटीभर किसलेला लाल भोपळा किंवा दुधी परतावा. डाळ-तांदूळ, अर्धा लहान चमचा मीठ आणि पाच वाट्या गरम पाणी घालून कुकरच्या चार-पाच शिट्ट्या कराव्यात. झाकण उघडल्यावर पळीने घोटावे. तांदळापेक्षा डाळ कमी पडू देऊ नये, यातच या खिचडीचे मर्म आहे. मधुमेह असल्यास तांदूळ आणखी थोडे कमी करून डाळ वाढवावी आणि वाढताना वाटी मोजावी.

*मेतकूट आणि मऊ भात.* एक वाटी हरभराडाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीदडाळ, पाव वाटी मूगडाळ आणि पाव वाटी गहू मंद आचेवर वेगवेगळे खमंग भाजावेत. एक चमचा धने, एक चमचा जिरे, पाव चमचा मेथीदाणे आणि दोन सुक्या मिरच्याही भाजून घ्याव्यात. सर्व गार झाल्यावर सुंठ, हळद व हिंग घालून बारीक दळावे आणि कोरड्या बरणीत भरून ठेवावे; महिनाभर सहज पुरते. मऊ भात शिजवताना त्यात मूठभर मूगडाळ टाकावी, कारण दोन चमचे मेतकुटातून मिळणारी प्रथिने दोन-अडीच ग्रॅमच असतात. वर तूप आणि मेतकूट, सोबत दही किंवा दूध. ज्यांच्या तोंडाला चव नाही, त्यांच्यासाठी हा पदार्थ फार उपयोगी पडतो.

*कुळथाची पिठी.* भाजून दळलेले कुळथाचे पीठ तीन मोठे चमचे घेऊन वाटीभर गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावे. चमचाभर तेलात मोहरी, हिंग, हळद, ठेचलेली लसूण आणि झेपेल एवढी मिरची फोडणीला घालावी. त्यात दीड वाटी पाणी आणि दोन आमसुले टाकून उकळी आणावी, कालवलेले पीठ ओतून सात-आठ मिनिटे सतत ढवळत शिजवावे. शेवटी मीठ, कोथिंबीर आणि चमचाभर ओले खोबरे. मऊ भातावर ही पिठी म्हणजे कोकणातल्या पावसाळी रात्रीचे पूर्ण जेवण. कुळीथ प्रथिनांनी समृद्ध आहे. त्याने मुतखडा विरघळतो अशी समजूत आहे. त्या भरवशावर औषधोपचार मात्र थांबवू नयेत.

*ज्वारीची आंबील.* हे माप एका माणसाचे आहे. दोन मोठे चमचे ज्वारीचे पीठ अर्धी वाटी ताकात सकाळी भिजवून झाकून ठेवावे. रात्री दीड वाटी पाण्याला उकळी आणून त्यात जिरे, ठेचलेली लसूण आणि किंचित मीठ घालावे, भिजवलेले पीठ ओतून मंद आचेवर दहा मिनिटे शिजवावे. कोमट झाल्यावर अर्धी वाटी ताजे ताक मिसळावे. आंबील एकजीव आणि गुळगुळीत असल्यामुळे दात नसलेल्यांनाही सोपी जाते. ज्वारी पौष्टिक असली तरी तीही धान्यच आहे. मधुमेहींनी ती 'कितीही चालते' असे मानू नये.

मांसाहार करणाऱ्या घरांत मऊ अंडाभुर्जी किंवा काटे काळजीपूर्वक काढलेला मासा पेजेबरोबर द्यावा. शाकाहारी घरांत कुस्करलेले पनीर, घट्ट दही किंवा दुधात कालवलेले सातूचे पीठ हे उत्तम पर्याय आहेत.

जेवण, औषधे आणि घड्याळ

रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन ते तीन तास आधी व्हावे. जेवून लगेच आडवे झाल्यास आम्ल घशाशी येते. घरातील तरुण मंडळी रात्री दहाला परतत असतील, तर त्यांच्यासाठी ज्येष्ठांना ताटकळत ठेवू नये.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष दक्ष राहावे. औषध घेतले आणि जेवण टाळले, तर मध्यरात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तरुणांना अशा वेळी घाम आणि थरथर जाणवते. वृद्धांमध्ये मात्र पुष्कळदा केवळ असंबद्ध बोलणे, गोंधळलेपण किंवा जागे न होणे एवढेच दिसते, आणि घरचे ते 'वयाचे विस्मरण' समजतात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि व्यक्ती शुद्धीवर असेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर काही खाऊ घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्वरित रुग्णालय गाठावे. 'जेवण झाले नाही तर आजची गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यावे?' हा प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारून उत्तर लिहून ठेवावे.

रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या बंद करण्याची गरज नसते; त्यांचे प्रमाण आठवडाभर साधारण सारखे ठेवावे. कंपवातासाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांनी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, कारण प्रथिनयुक्त जेवणाबरोबर तिचा परिणाम घटू शकतो. काही वृद्धांचा रक्तदाब जेवणानंतर तासा-दोन तासांत खाली येतो. जेवून उठल्याबरोबर चक्कर येत असल्यास थोडे थोडे खावे, जेवणानंतर काही वेळ बसून राहावे आणि ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

घास अडकू नये म्हणून

पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्यांना गिळण्यास त्रास होतो. खाताना वारंवार ठसका लागणे, जेवणानंतर आवाज ओलसर-घोगरा होणे, घास गालात साठून राहणे, पुन्हा पुन्हा छातीत कफ होऊन ताप येणे ही त्याची लक्षणे आहेत. अन्नाचे कण श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

अशा व्यक्तीला पाठ सरळ ठेवून बसवावे. अंथरुणात अर्धवट आडवे असताना भरवू नये. लहान चमचा वापरावा, आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा. तोंडात घास असताना बोलायला लावू नये. जेवणानंतर किमान अर्धा तास बसवून ठेवावे. पातळ पाण्यात तरंगणारी शिते किंवा फोडी, म्हणजे पातळ आणि घट्ट यांचे मिश्रण, गिळण्यास सर्वांत अवघड असते. म्हणून पेज किंवा वरण-भात एकजीव घोटून द्यावा. चुरमुरे, फुटाणे, कोरडे खोबरे टाळावे. लक्षणे दिसल्यास गिळण्याची रीतसर तपासणी करून घ्यावी.

ताटावरची सोबत

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. माणूस सोबतीत अधिक खातो, हे आहाराच्या अभ्यासकांना अनेकदा आढळले आहे आणि आपल्या आज्यांना ते अभ्यासाशिवायच ठाऊक होते. निवृत्त झालेल्या, पत्नी निवर्तलेल्या एका गृहस्थांचे वजन वर्षात सहा किलोंनी उतरले होते. घरात धान्य होते, पैसा होता. "एकट्यासाठी कुकर काय लावायचा?" एवढेच त्यांचे म्हणणे. अशा 'एकट्यासाठी काय' या वाक्याकडे मी आजाराचे लक्षण म्हणूनच पाहतो. त्यांच्या इमारतीत त्यांच्यासारखेच आणखी दोघे होते. तिघांनी आठवड्यातील तीन रात्री आळीपाळीने एकमेकांकडे जेवायचे ठरवले. पंचाहत्तरी गाठलेल्या या गृहस्थांनी आयुष्यात प्रथमच खिचडी शिकून घेतली. वजन हळूहळू सावरले. रात्रीची झोपेची गोळीही पुढे कमी करता आली.

प्रत्येक घरात हे जमेल असे नाही. पण काही गोष्टी जमू शकतात. शाळकरी नातवंडांना आजी-आजोबांच्या वेळी जेवायला बसवावे. उशिरा घरी येणाऱ्याने निदान पंधरा मिनिटे ताटाशेजारी बसावे, हातात मोबाइल न घेता. परदेशी असलेल्या मुलांनी व्हिडिओ कॉलची वेळ आई-वडिलांच्या जेवणाशी जुळवावी आणि 'जेवलात का?' ऐवजी 'आज ताटात काय आहे, दाखवा बरे' असे म्हणावे. डबा लावला असेल, तर तो येतो एवढ्यावर समाधान न मानता त्यातले किती संपते, हे विचारावे. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी जेवताना टीव्ही बंद ठेवावा आणि अन्न उठून दिसेल अशा रंगाचे ताट वापरावे. पांढऱ्या ताटातला पांढरा भात त्यांच्या नजरेला सहज दिसत नाही.

करणाऱ्या हातांचाही विचार

हे सारे सांगताना स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या व्यक्तीचा विसर पडू नये. ती व्यक्ती बहुधा स्त्री असते, पुष्कळदा स्वतः पन्नाशी-साठीतील असते, आणि तिलाही गुडघेदुखी असते. एका घरात तीन प्रकारची पथ्ये आणि तीन प्रकारचे स्वयंपाक ही अपेक्षा अन्यायाची आहे. 'एकच भांडे, दोन फोडण्या' हा नियम पाळून पाहावा. डाळ, भाजी, खिचडी सर्वांसाठी एकत्र, कमी मिठाची आणि कमी तिखटाची शिजवावी. ज्येष्ठांचा वाटा बाजूला काढून घोटावा. उरलेल्या भागावर तिखट-मिठाची दुसरी फोडणी घालावी. मेतकूट, कुळथाचे पीठ, भाजणी एकदा करून ठेवावी. आठवड्यातून दोन रात्री तरी हे काम घरातील पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी उचलावे. वर दिलेल्या चारही कृती ज्याने कधी पळी हातात धरली नाही, त्यालाही जमाव्यात अशाच आहेत.

शिळ्या अन्नाबाबत एक सावधगिरी. शिजलेला भात खोलीतील तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये. त्यात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. उरलेला भात लवकर फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत तापवावा, आणि त्यानंतर उरल्यास टाकून द्यावा.

वहीत उतरवून घ्या

वासाच्या संवेदना मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी फार निकटचे नाते राखून असतात. त्यामुळेच लसणीच्या फोडणीचा वास आला, की कोणाला माहेरची पडवी आठवते, कोणाला आईचा हात. अबोल झालेल्या वृद्धांना बोलते करण्याचा यापेक्षा सोपा मार्ग मला तरी ठाऊक नाही. 'तुमच्याकडे पेज कशी करत?' एवढे विचारून पाहावे.

मापे विचारल्यावर 'अंदाजाने' असे उत्तर मिळेल. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि मराठी घरांतला हा अंदाज वाटी-चमच्याच्या मापात बसला. आपल्या घरचा अंदाज मापात बसवण्याचे काम आपणच करायला हवे. आजींच्या हातून मूठभर डाळ घ्यावी, वाटीत ओतून पाहावी आणि लिहून ठेवावे. ज्यांना ओट्यापाशी उभे राहवत नाही, त्यांना खुर्ची द्यावी. लसूण सोलणे, कोथिंबीर निवडणे, चव पाहून 'मीठ पुरे' असे सांगणे ही कामे त्यांच्याकडे सोपवावीत. ज्या जेवणात आपला हात लागला, ते जेवण माणूस सहसा टाकत नाही. देणाऱ्याच्या भूमिकेत राहिलेला वृद्ध केवळ घेणाऱ्याच्या भूमिकेत बसवलेल्या वृद्धापेक्षा अधिक चैतन्याने जगतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

अन्न नको होते तेव्हा

शेवटी एक अवघड गोष्ट. दुर्धर आजाराच्या अखेरच्या दिवसांत भूक आपोआप विझत जाते. तो शरीराच्या थांबण्याच्या प्रक्रियेचा भाग असतो. अशा वेळी 'दोन घास तरी घे' असा आग्रह, बळेच भरवणे, न खाल्ल्याबद्दल रागावणे यांनी रुग्णाला क्लेशच होतात आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. आपण कमी पडलो, असे घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये. ही अवस्था आली आहे का, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. वजन घटते आहे म्हणून घरच्या घरी तसा निष्कर्ष काढू नये. ती आली असेल, तर पोषणाचा हिशेब बाजूला ठेवावा. ओठ ओले करावेत, आणि गिळणे सुरक्षित आहे असे डॉक्टरांनी सांगितले असल्यास आवडीच्या पदार्थाची चमचाभर चव जिभेवर ठेवावी. पेजेचे निवळ, आमरसाचे बोट, काहीही. त्या चमच्यात औषध नसते, तरी तो देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही हवा असतो.

ती वेळ बहुतेकांसाठी अजून दूर आहे. आज करण्यासारखे काम साधे आहे. आज रात्री ताट वाढताना घरातील ज्येष्ठांना विचारावे, 'काय खावेसे वाटते?' उत्तर ऐकून घ्यावे, त्यात वाटीभर डाळीची किंवा दह्याची भर घालावी, आणि ताट संपेपर्यंत शेजारी बसावे. उद्या सकाळी वजन करून दिनदर्शिकेवर पहिली नोंद करावी.